दोन भाऊ आणि उघडं बॉनेट

आंबेखिंडीच्या पायथ्याला नांगरवाडी नावाचं एक गाव होतं. त्या गावात केरबा नावाचा एक मिस्त्री राहत असे. मोटारगाडी कितीही रुसलेली असो, केरबाने बॉनेट उघडून आत कान लावला की ती बोलायला लागते, असं लोक म्हणत. लोकांचं सोडा, लोक काय वाटेल ते म्हणतात. पण केरबाचा हात चांगला होता, हे मात्र खरं.

दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला शहरातले हौशी लोक आपापल्या स्पोर्ट्स कार घेऊन नांगरवाडीला येत. तिथून खिंडीपर्यंत घाट चढायची शर्यत लागे. बुटक्या, रुंद, जमिनीला पोट टेकलेल्या त्या गाड्या बघायला पंचक्रोशीतली माणसं जमत. त्यांतली एखादी बिघडली की केरबाच्या गॅरेजात येई. दुरुस्ती झाली की मिस्त्रीने गाडी घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत न्यायची, तिथून मागे फिरवायची आणि किल्ली मालकाच्या हातात ठेवायची, अशी रीत होती. वर जाई तो मालक. केरबा गॅरेजच्या उंबऱ्यात उभा राहून ऐकत असे. आवाज एकेका वळणाआड जाई, पुन्हा येई आणि शेवटी खिंडीत विरून जाई. एस.टी.ने केरबा पुष्कळदा खिंडीत गेला होता. एस.टी.ने काय, शेळ्याही वर जातात. पण त्या आवाजात बसून तो कधी वर गेला नव्हता.

केरबाच्या गॅरेजचा एक नियम होता. ज्या गाडीवर दोघांनी काम केलं असेल, तिचं बॉनेट दोघांनी मिळून लावायचं. दोघांचे हात बॉनेटवर पडल्याशिवाय गाडी उंबरा ओलांडणार नाही. तरुणपणी एकदा मालकाच्या घाईला बळी पडून केरबाने जोडीदाराला न विचारता बॉनेट लावलं होतं. जोडीदाराचं ब्रेकचं काम अर्धं राहिलं होतं. दुसऱ्या वळणावर गाडी उलटली आणि मालक जन्माचा लंगडा झाला. तेव्हापासून केरबाने हा नियम केला आणि पुढे कुणी कितीही गयावया केली तरी तो मोडला नाही. नियम चांगला होता. चांगल्या नियमाने कधी कुणाचं वाईट होत नाही असं म्हणतात, तेही लोकच म्हणतात.

केरबाला दोन मुलगे. थोरला सर्जेराव आणि धाकटा दिनकर. दोघांनी बापाच्या हाताखाली काम शिकून घेतलं होतं. सर्जेराव शांत. एक नट आवळायचा तर आधी तो पुसणार, मग हातात घोळवणार, मग बसवणार. दिनकर चळवळ्या. त्याचा पाना आवळून होईपर्यंत त्याचं तोंड पुढच्या कामाबद्दल बोलत असे. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, आणि बापावर तर विचारूच नका. त्या घरात प्रेमाला तोटा नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की ही पोरं नालायक होती. ती तशी नव्हती.

एका वर्षी शर्यतीत एक गाडी कठड्याला धडकली. माणूस वाचला, गाडीचा चेंदामेंदा झाला. मालक शहाणा होता. त्याने गाड्यांचा नाद सोडला आणि जाताना शाबूत राहिलेलं इंजिन जुन्या ओळखीखातर केरबाला देऊन टाकलं.

केरबाने ते इंजिन पुसून कोपऱ्यात ठेवलं आणि घरी येऊन बायकोला म्हणाला, “हौसा, आता माझी गाडी.”

हौसाबाई भाकरी थापत होती. ती म्हणाली, “आजवर काय बैलगाडी हाकत हुता?”

“ती लोकांची. ही माझी.”

गाडी तयार व्हायला काही वर्षं गेली. दिवसभर लोकांच्या गाड्या आणि उरल्या वेळात आपली. पत्रा केरबाने स्वतः ठोकला. वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून तो लाकडी हातोडीने एकेक वळण काढत असे. आधीच भट्टीच्या आणि वेल्डिंगच्या धुरात त्याचं आयुष्य गेलेलं. पत्रा ठोकता ठोकता त्याला खोकला येई. मग तो थांबे, छाती चोळे आणि पुन्हा हातोडी उचले. गाडीला जागा दोनच. एक चालवणाऱ्याची आणि एक शेजारी बसणाऱ्याची. आपल्याला चालवायला जमणार नाही हे केरबाला कळून चुकलं होतं. शेजारची जागा त्याने स्वतःच्या अंगाच्या मापाने केली होती.

दसऱ्याला गाडी उभी राहिली. इंजिन बसलं, चाकं बसली. हौसाबाईने हत्यारांना आणि गाडीला झेंडूच्या माळा घातल्या. केरबाने किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच झटक्याला बोललं. केरबाने डोळे मिटले आणि बराच वेळ तो तसाच उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याला इतका दम लागला की पोरांनी तालुक्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली आणि पोरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मग केरबाला म्हणाले, “मिस्त्री, थंडी तुम्हाला सोसायची नाही. थंडी पडायच्या आत कुठं फिरून यायचं असेल तर या.”

केरबा हसला. परत येताना तो पोरांना म्हणाला, “मला लांब कुठं जायाचं न्हाई. आपल्या गाडीतनं खिंडीपातुर जायाचं. वर बसून च्या प्यायचा आन् खाली यायचं. एवढंच.”

एवढंच मागणं होतं. थंडी पडायला अजून अवकाश होता. गाडी दारात उभी होती. तुम्ही आम्ही असतो तर त्याच दिवशी म्हाताऱ्याला बसवून घेऊन गेलो असतो, असं आपल्याला वाटतं. वाटायला काय जातं!

पण पोरांना वाटलं, अण्णा एकदाच जाणार. मग ते जाणं कसं व्हायला हवं! वाऱ्यासारखी चढली पाहिजे गाडी. शर्यतीतल्या गाड्यांनी माना खाली घातल्या पाहिजेत. आणि त्यासाठी इंजिनाला जास्तीची हवा पाहिजे.

इथे थोडं समजून घ्या. माणसाला पळायला जसा श्वास लागतो, तशी इंजिनाला हवा लागते. जास्त हवा आत कोंबली की इंजिन जास्त जोर लावतं. ही हवा कोंबायची दोन यंत्रं असतात. एक सुपरचार्जर. तो इंजिनालाच पट्टा लावून फिरवायचा. पाय दाबला की त्याच क्षणी जोर मिळतो, पण फिरण्यासाठी तो इंजिनाचीच थोडी ताकद खातो. दुसरा टर्बोचार्जर. इंजिनातून बाहेर पडून वाया जाणाऱ्या धुरावर तो फिरतो. इंजिनावर त्याचा भार फारसा पडत नाही, पण धुराचा जोर वाढेपर्यंत तो जरा दम धरतो आणि मग एकदम उसळी मारतो. शहाणी माणसं आजही यावर वाद घालतात, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं असतं. वाद मिटत नाही तो त्यामुळेच.

सर्जेरावाने ओळखीच्या एका शर्यतवाल्याकडून जुना सुपरचार्जर आणला. त्याच आठवड्यात दिनकरने शहरातल्या भंगार बाजारातून टर्बो आणला. दोघांनी एकमेकांना विचारलं नव्हतं. दोघांनाही अण्णांना चकित करायचं होतं. दोन्ही यंत्रं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली गेली, तेव्हा दोघेही हसले. हसले ते तेवढंच.

“दिन्या, घाट म्हंजे नुसती वळणं,” सर्जेराव म्हणाला. “वळणावर गाडी हळू हुती. तितनं उचलताना तुजा टर्बो झोपलेला असणार, आन् जागा झाला की धक्का देणार. आण्णांच्या छातीला सोसंल का धक्का?”

“आन् तुजा पट्टा इंजिनाचीच ताकद खाणार,” दिनकर म्हणाला. “चढाला इंजिन तापलं आन् अर्ध्या घाटात गाडी हुबी ऱ्हायली, तर आण्णांना घिऊन वाऱ्यात बसायचं व्हय?”

बघा, दोघंही बापाच्या काळजीनेच बोलत होते. दोघं केरबाकडे वळले. केरबा खुर्चीवर बसून होता.

“आण्णा, तुमीच सांगा. कंचा बरा?” दिनकरने विचारलं.

“दोनी बरं,” केरबा म्हणाला. “मला वर जायाचंय.”

हे उत्तर होतं. पण पोरांना ते उत्तर वाटलं नाही. दोघांनाही वाटलं, अण्णांना दुसऱ्याचं मन मोडवत नाही म्हणून ते असं म्हणतात.

मग रोज तोच वाद. सर्जेराव सकाळी आपल्या यंत्राची मापं घेई आणि इंजिनावर पट्ट्याची जागा आखून ठेवी. दुपारी दिनकर ती पुसून धुराच्या नळीला टर्बोसाठी जागा करायला लागे. संध्याकाळी सर्जेराव ते सोडवून ठेवी. बॉनेट उघडंच. इंजिन मात्र दोन्हींशिवाय उत्तम चालत होतं. केरबा रोज सकाळी ते सुरू करी, खुर्ची जवळ ओढून ऐकत बसे आणि खोकला आला की बंद करी.

गोष्ट चहाच्या टपरीवर गेली आणि गावाला काम मिळालं. नांगरवाडीत त्या वर्षी सुगी हलकी होती, त्यामुळे माणसांना वेळ पुष्कळ. पाहता पाहता गावात दोन तट पडले. सर्जेरावाच्या बाजूचे ते पट्टेवाले आणि दिनकरच्या बाजूचे ते धूरवाले. ज्यांना सायकलची हवा भरता येत नव्हती, ते टर्बोवर बोलू लागले. सर्जेराव दिसला की कुणी म्हणे, “थोरलेपण दाखीव की जरा, धाकटा ऐकंना व्हय?” दिनकर दिसला की कुणी म्हणे, “थोरल्यापुढं मान घाल बाबा, तुला कोण विचारतंय!” दुसऱ्याच्या घरातलं भांडण म्हणजे फुकटचा तमाशा. तिकीट नाही, आणि संपायची घाईही नाही.

आधी दोघं भाऊ अण्णांसाठी भांडत होते. मग हळूहळू अण्णा त्या भांडणातून बाहेर पडले. त्यांना कुणी बाहेर काढलं नाही. ते आपोआप मागे राहिले, आणि ते मागे राहिले हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

हौसाबाईच्या लक्षात आलं. एका दुपारी ती गॅरेजात डबा घेऊन आली. पोरं जेवायला बसायची होती. बघते तर केरबा गाडीत बसलेला. उभ्या गाडीत, आपल्या मापाच्या जागेवर. समोर बॉनेट उघडं, त्यामुळे पुढचं काही दिसत नव्हतं. तरी तो पुढेच बघत होता.

तिने डबा खाली ठेवला आणि पोरांना म्हणाली, “त्यास्नी घिऊन जावा की रं. हाय तशी गाडी न्या.”

“आई, अर्धी गाडी कशी न्यायची?” दिनकर म्हणाला.

“आन् आण्णांचाच नियम हाय,” सर्जेराव म्हणाला. “दोघांचं काम. दोघांचा हात पडंपातुर गाडी भाईर न्हाई.”

“मग ठेवा की हात!”

दोघंही फडक्याला हात पुसत राहिले. हात ठेवायचा म्हणजे काम पुरं झालं असं कबूल करायचं. काम पुरं झालं म्हणायचं म्हणजे आपलं यंत्र आत नाही हेही कबूल करायचं. ते दोघांनाही नको होतं.

हौसाबाई नवऱ्याकडे वळली. “तुमी तर सांगा. बापाच्या शब्दाला किंमत हाय अजून.”

केरबाने मान हलवली. “सांगितलं तर ठेवतील हात. पर मन नसताना ठेवलेल्या हाताला काय अर्थ? त्या नियमापायी म्या लोकास्नी परत पाठीवलंय. आता सोतासाठी मोडू?”

हट्टही त्या घराण्यातलाच होता, हे तुमच्या ध्यानात आलं असेल. म्हाताऱ्याने तो नियम एकदा मोडला असता तर ही गोष्ट मी सांगितली नसती, आणि मला ते जास्त आवडलं असतं.

दिवाळी आली आणि गेली. पहाटे अंगणात धुकं उतरू लागलं. केरबा आता गॅरेजात यायला काठी घेऊ लागला. एक दिवस येता येता तो तीन ठिकाणी बसला. सर्जेराव उंबऱ्यातून ते बघत होता. बाप वाटेतल्या दगडावर बसून तोंड उघडून हवा ओढत होता आणि ती पुरत नव्हती. इंजिनाला हवा कशी पुरवायची यावर आपण इतके दिवस भांडतोय, आणि बापाला हवा पुरत नाही हे आपण बघितलंच नाही, असं सर्जेरावाला वाटलं. त्याला स्वतःची लाज वाटली.

तो आत गेला. दिनकर इंजिनावर वाकला होता. सर्जेराव म्हणाला, “दिन्या, बसीव तुजा टर्बो. आजच्या आज बसीव. उद्या सकाळी ऊन आलं की आण्णांना घिऊन जाऊ.”

हा तो क्षण होता. अशी वेळ माणसाच्या आयुष्यात येते तेव्हा ढोल वाजत नाहीत. कुणीतरी हळूच काहीतरी बोलतो, आणि आपण त्यावर काय म्हणतो तेवढ्यावर सगळं ठरतं.

दिनकरने मान वर केली. त्याचाही ऊर भरून आला होता. “बरं दादा” एवढं तो म्हणाला असता तर पुरे होतं. पण दाराशी टपरीवरची दोघं-तिघं उभी होती. त्यांच्यातला एक हसला आणि म्हणाला, “आला की रं पट्टा खाली!”

दिनकरला ते हसू ऐकून जोर चढला. तो म्हणाला, “आसं न्हाई. माजं चुकलं हुतं म्हण. ह्यांच्यासमोर म्हण.”

“म्हंजे?”

“म्हंजे उद्या गाडी पळाली की तू म्हणशील, म्या दया केली. मला दया नगं. टर्बोच बरा हुता, आसं म्हण.”

सर्जेरावाचा चेहरा उतरला. मग तो लाल झाला. “म्या आण्णांसाठी म्हणालो. तुजं खरं ठरवाय न्हवं.”

“मग ऱ्हाऊ दे.”

“ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे!”

आणि राहिलं. केरबा तेवढ्यात काठी टेकत उंबऱ्याशी पोहोचला होता. त्याने सगळं ऐकलं. तो उंबऱ्यावरच बसला आणि थोड्या वेळाने डबा घेऊन आलेल्या हौसाबाईच्या खांद्याला धरून घरी परत गेला. त्यानंतर तो गॅरेजात आला नाही.

त्याच आठवड्यात थंडी पडली. दरवर्षी पडते तशीच पडली, काही विशेष नव्हती. गावातल्या पोरांनी शेकोट्या केल्या. केरबाने अंथरूण धरलं. छातीतून असा आवाज येऊ लागला की शेजारच्या खोलीत ऐकू जाई. डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी औषधं लिहून दिली, पण पोरांच्या नजरेला नजर दिली नाही.

तेव्हा कुठे दोघांचे डोळे उघडले. एका सकाळी दोघं भाऊ एकदमच बापाच्या अंथरुणापाशी आले. दिनकर बापाचे पाय धरून म्हणाला, “आण्णा, दादाचा सुपरचार्जर बसीवतो. माजं काय म्हणणं न्हाई.”

सर्जेराव म्हणाला, “न्हाई आण्णा, दिन्याचा टर्बो बसीवतो. त्योच बरा हाय. म्या सगळ्या गावासमोर म्हणतो.”

“तुमी सांगाल त्यो,” दिनकर म्हणाला. “न्हाईतर काहीच नगं. हाय तशी काढतो गाडी. आत्ता काढतो.”

भांडण मिटायला किती वेळ लागला बघा! सगळे दिवस जे जमलं नाही, ते उंबऱ्यातून आत येईपर्यंत जमलं.

केरबाने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. त्याला बरं वाटलं असावं. त्याने ओठ हलवले. दोघं खाली वाकले.

“खिडकी लावा,” केरबा म्हणाला. “गार वारं सोसत न्हाई.”

सर्जेराव उठला आणि त्याने खिडकी लावली.

पुढे काही दिवसांनी, भर दुपारी, बाहेर चांगलं ऊन असताना केरबा गेला. घरात तेव्हा हौसाबाई एकटीच होती. पोरं औषध आणायला गेली होती.

मातीला सगळं गाव आलं. पट्टेवाले आले आणि धूरवालेही आले. सगळ्यांनी पोरांच्या पाठीवरून हात फिरवला. कुणाला काही अपराध केल्यासारखं वाटत नव्हतं. गावाला तसं कधी वाटत नाही.

तेरावा झाला. पाहुणे परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं भाऊ गॅरेजात गेले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. टेबलावरची दोन्ही यंत्रं तशीच पडली होती. दोघांनी ती उचलली नाहीत. इंजिनाच्या सोडलेल्या नळ्या जोडून टाकल्या, बॉनेट मिळून लावलं आणि गाडी बाहेर काढली. सर्जेराव चालवायला बसला. शेजारची जागा बापाच्या मापाची होती. दिनकर तिच्यावर अंग चोरून बसला.

घाट सुरू झाला. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. गाडी चढत होती. सर्जेराव वाट बघत होता की आता जोर कमी पडेल. दिनकर वाट बघत होता की आता इंजिन धापा टाकील. तसं काही झालं नाही. गाडी शर्यतीतल्या गाड्यांसारखी पळत नव्हती. म्हातारा माणूस शेजारी बसला असता तर जशी चालवायला हवी, तशी सावकाश, न अडखळता ती चढत होती. आवाज सुरेख येत होता. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला करवंदीच्या जाळ्या. ऊन कोवळं होतं. आणि खिंड आली.

एवढ्यात?

दोघांनाही तेच वाटलं. घरून निघून आपण आत्ताच तर पहिल्या वळणाला लागलो होतो. चुलीवर चहाचं आधण ठेवून निघालं तर ते उतू जायच्या आत माणूस खिंडीत पोहोचेल, एवढीच ती वाट होती. अण्णांना वर आणायला एवढाच वेळ लागला असता.

सर्जेरावाने गाडी बंद केली. खिंडीतला चहावाला ओळखीचा होता. तो दोन कप घेऊन आला आणि म्हणाला, “मिस्त्री न्हाई आलं संगं?” त्याला कुणी कळवलं नव्हतं. दिनकर कप हातात धरून रडू लागला. तो लहानपणी रडायचा तसा, मोठ्याने रडला. सर्जेरावाने त्याला जवळ घेतलं. दोघांना आता एकमेकांचं सगळं पटत होतं. आता त्याचा कुणाला काही उपयोग नव्हता.

दोघं खाली आले तेव्हा हौसाबाई दारात बसून तांदूळ निवडत होती. तिने घाटातून येणारा आवाज ऐकला होता.

“चढली का?” तिने विचारलं.

“चढली,” सर्जेराव म्हणाला.

“काय बसीवलं हुतं?”

दिनकर खाली मान घालून म्हणाला, “काय न्हाई. हाय तशीच चढली.”

हौसाबाईने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि पुढचे तांदूळ निवडायला घेतले.

तात्पर्य: ज्याच्यासाठी करायचं, त्याला काय हवं ते आधी ऐकावं आणि ते वेळेवर द्यावं. आपलंच खरं ठरवायला जन्म पडला आहे, पण आपलं माणूस तेवढं थांबेलच असं नाही.